सेवनाची केस आणि कारखान्याची केस : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ड्रग्ज घेणाऱ्याला आरोपी करणं थांबवावं आणि पोलिसांनी ती ताकद माल बनवणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर लावावी, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. असं लिहिल्याने पोरांना मोकळं रान मिळतं. एमडीपायी (मेफेड्रोन या रासायनिक ड्रगपायी) तुमच्या भाच्याची वाताहत झाली, आणि पोलिसांचा धाक होता म्हणून तो निदान जिवंत आहे. आणि अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने हेच करून पाहिलं व मागे घेतलं.

भाच्याबद्दल वाचून फार वाईट वाटलं. पण धाकाबद्दल मला वेगळं दिसतं. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात, कलम 27 सेवनासाठी आहे. गांजा ओढताना सापडलेल्या पोराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात तो बहुतेकदा गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि सुटतो. नोंद मात्र राहते, आणि नोकरीसाठी पोलीस पडताळणी आली की ती आडवी येते. पोलीस ठाण्याच्या बाजूने पाहिलं तर ही सर्वांत सोपी केस. आरोपी जागेवर सापडतो, वैद्यकीय तपासणी होते, मोहिमेच्या आकड्यात एक भर पडते. मुंबईत वर्षानुवर्षं एनडीपीएसच्या गुन्ह्यांत सेवनाच्या केसेसचाच ढीग मोठा राहिला आहे. त्या प्रत्येकीमागे पंच, पंचनामा, नमुने, कोर्टाच्या तारखा, आणि एका हवालदाराचा दिवस.

आता दुसरी बाजू बघा. एमडी या कायद्याच्या यादीत आलं 2015 साली. त्यानंतर ते नाहीसं व्हायला हवं होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना सापडला. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीपर्यंत माग काढला, आणि त्या एका तपासात दीड हजार किलोंहून अधिक एमडी हाती लागलं. हे काम पोलिसांनीच केलं आणि उत्तम केलं, ते मी मनापासून मान्य करतो. पण ते कसं झालं? आधी पकडलेल्यांच्या चौकशीतून, गोदामांच्या झडतीतून, चिकाटीने. टपरीमागे बसलेल्या चार पोरांना उचलून कुरकुंभ सापडत नसतं.

आणि पैशाचं काय करायचं? बंदी असलेल्या मालात नफा इतका असतो की त्यातून माणसं विकत घेता येतात. एमडीच्याच गुन्ह्यात पुण्याच्या येरवडा तुरुंगात असलेला आरोपी उपचारांच्या नावाखाली ससून या सरकारी रुग्णालयात महिनोन्‌महिने राहिला, तिथूनच धंदा चालवत राहिला आणि 2 ऑक्टोबर 2023 ला पळून गेला. पुढे पोलीसही निलंबित झाले. या धंद्यात उधारी बुडाली तर कोर्टात दावा लावता येत नाही, म्हणून वसुली चाकूने होते. मुंबईने हे पूर्वी पाहिलंय. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर दारू थांबली नाही. ती हातभट्टीत आणि आंटीच्या अड्ड्यावर गेली, आणि वरदराजनसारख्या डॉनचं साम्राज्य त्याच पैशावर उभं राहिलं.

तरीही एमडी दुकानात विकावं, असं मी म्हटलेलं नाही. तुमच्या पहिल्या आक्षेपाला माझं हेच उत्तर आहे. विकणं आणि बनवणं गुन्हाच राहावा.

ओरेगनचा मुद्दा तुम्ही योग्य आणलात, तो टाळता येणार नाही. तिथे 2020 मध्ये मतदारांनी कौल दिला, 2021 पासून जवळ बाळगल्याची शिक्षा गेली आणि 2024 मध्ये ती परत आली. तिथे शिक्षा आधी काढली आणि उपचारांसाठीचा पैसा केंद्रांपर्यंत पोचायला उशीर झाला. माणूस सापडला की हातात दंडाची पावती आणि हेल्पलाइनचा नंबर, बस. पोर्तुगालने 2001 मध्ये केलं ते वेगळं. तिथे दहा दिवसांच्या वापराइतका माल जवळ असलेला माणूस फौजदारी कोर्टाऐवजी एका समितीपुढे जातो. तिथे कायद्याच्या जाणकाराबरोबर आरोग्य आणि समाजकार्यातली माणसं बसतात. सोबत उपचारांची सोय वाढवली. विक्री तिथेही गुन्हाच आहे. मला ओरेगनवरून एवढंच कळतं की उपचारांची जागा तयार नसेल तर नुसती शिक्षा काढून भागत नाही. आपल्याकडे किती जिल्ह्यांत गरीब घरच्या पोराला व्यसनमुक्तीसाठी खाट मिळते, हा प्रश्न म्हणूनच मला कलम 27 इतकाच महत्त्वाचा वाटतो.

शेवटी तुमच्या भाच्यासाठी. त्याच्यावर सेवनाची किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याची केस असेल तर याच कायद्यातलं कलम 64अ वकिलाला दाखवा. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले, तर त्या गुन्ह्याच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेता येते. हे फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असतं, आणि तारखेला घाईघाईने गुन्हा कबूल केला की संधी हातची जाते. केंद्र शोधायला 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तुम्ही पुण्याच्या आसपास असाल तर येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात आधी नुसतं बोलून या. तो येत नसेल तरी तुम्ही जा.