डीजे व्हायचंय ना? मग आधी मित्र मोजा

परवाच्या रविवारी पुण्यातल्या एका गच्चीवरच्या बारमध्ये डीजे स्पर्धेत वाजवून आलो. वाजवून म्हणजे चार मिनिटं. पोस्टरवर दहा होती. आल्यापासून तीन-चार नवीन पोरांचे मेसेज पडलेत, "दादा पुढच्या सीझनला एंट्री टाकू का, वर्थ आहे का?" प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथेच एकदा सांगून टाकतो. टाका. डोळे झाकून टाका. फक्त माझ्यासारखी अर्धवट तयारी करून जाऊ नका.

आधी घरी सांगा. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नसतोच, ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत असते, त्यामुळे आई विचारणार "त्याच्यावर बंदी आलीये ना रे?" आणि बाबा विचारणार किती मिळणार. मिळणार नाहीत बाबा, १५०० द्यायचेत. हे शक्यतो जेवताना सांगू नका.

फी एकदा भरली की परत नाही. ऑर्गनायझर म्हणाला, फी ठेवली की सिरीयस लोकच येतात. बरोबर आहे, आम्ही १८ जण फार सिरीयस होतो. १८ गुणिले १५०० म्हणजे २७,०००. पहिलं बक्षीस २५,०००, त्यातले रोख १०,००० आणि उरलेल्याची त्याच बारची व्हाउचरं. म्हणजे हरलेल्या पोरांच्या पैशातून जिंकलेल्या पोराला बिर्याणी. सहकार चळवळच म्हणा.

पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून न्या, एनटीएफएस असेल तर सीडीजे (क्लबमधला डीजे प्लेअर) वाचत नाही. हा सल्ला मनापासून आहे, उपरोध नाही. मी नेला होता तसा. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमधून नीट एक्स्पोर्ट करून, प्रत्येक गाण्याला क्यू पॉइंट, म्हणजे कुठून वाजवायचं त्या खुणा, लावून, आठवडाभर रात्री दोनपर्यंत जागून. पोस्टरवर सीडीजे-३००० चा फोटो होता. टेबलावर बघतो तर एफएलएक्स-४, लॅपटॉपला जोडून वाजवायचा कंट्रोलर. कंट्रोलर वाईट नाही हो, माझ्या घरी तोच आहे, पण त्याला पेन ड्राइव्ह लावायला भोकच नसतं. लॅपटॉप ऑर्गनायझरचा आणि त्याच्यावर सेराटो, म्हणजे वेगळंच सॉफ्टवेअर, म्हणजे माझे सगळे क्यू पॉइंट घरी ठेवून आल्यासारखंच. विचारलं तर म्हणे, "ब्रो, फोटो रेप्रेझेंटेशनल आहे." वडापावच्या गाडीवर पिझ्झाचा फोटो लावून बघा कधीतरी, लोक काय म्हणतात ते.

जजकडे बघू नका, ते मोबाइलमध्ये असतात.

गाण्यात बीट दणकून पडते तो ड्रॉप आला की दोन्ही हात वर करा, गाणं आपोआप चालू राहतं.

सेट बांधायच्या भानगडीत पडू नका. रिकाम्या फ्लोअरवर आठ वाजता ११०-११५ बीपीएमला (मिनिटाला तेवढे ठोके) हळूच सुरुवात करायची, लोक बारवरून एकेक करत इकडे कसे सरकतात ते बघायचं, तासाभराने थोडं चढवायचं, मेन डीजे येईल तेव्हा त्याच्यासाठी जागा ठेवायची, ज्याला वॉर्मअप म्हणतात आणि ज्याचे खरे क्लबवाले पैसे देतात, ते दहा मिनिटांत दिसत नाही. मग दाखवणार काय? पहिल्या तीस सेकंदात ड्रॉप पाडा, मग दुसरा, मग तिसरा, मग ढोलाचा सॅम्पल, मग एखादं जुनं मराठी गाणं १२८ बीपीएमवर फरफटत न्या. १८ जणांनी हेच केलं. मीही केलं, खोटं कशाला बोलू.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मित्र.

फी भरल्यावर दोन दिवसांनी मेसेज आला की मार्कांपैकी ४० टक्के "क्राउड सपोर्ट"चे आहेत, प्रत्येक पार्टिसिपंटने किमान १५ जण आणावेत, कव्हर, म्हणजे आत यायचे पैसे, माणशी १०००, आणि हो, ज्याचं क्राउड जास्त त्याला प्राइम स्लॉट. मी हा मेसेज दोनदा वाचला. म्हणजे माझं बीटमॅचिंग, दोन गाण्यांचा ठेका जुळवणं, कसंय, मला कान आहे का, दोन गाण्यांचे सूर जुळतायत का, हे नंतर, आधी मी किती गिऱ्हाईकं आणतो ते. मग बसलो मित्र मोजत. कॉलेजचे चार, त्यातला एक बंगलोरला. ऑफिसचे दोन. चुलतभाऊ, त्याला रविवारी क्रिकेट. एकाला फोन केला तर म्हणाला, "अरे हजार रुपये देऊन तुला दहा मिनिटं ऐकू? तू घरी फुकट वाजवतोस तेव्हा मी बंद कर म्हणतो." शेवटी सहा जमले. माझ्या पुढे एक १९ वर्षांचा पोरगा होता, हात काय सुंदर चालत होता त्याचा, त्याने सगळा वर्गच आणलेला, बावीस जण. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं, त्यामुळे ती पोरं बिचारी अडीचशे-अडीचशेचं लिंबू सरबत मोहितो म्हणून पीत बसलेली. १८ जणांनी सरासरी दहा जरी आणले तरी १८० माणसं, एक लाख ऐंशी हजार, रविवारी संध्याकाळी, जेव्हा एरवी त्या गच्चीवर वेटर आणि कबुतरं असतात. आणि वाजवायला १८ डीजे, फुकट नव्हे, उलट पैसे देऊन! अशी आयडिया मला सुचली असती तर मी कशाला गाणी मिक्स करत बसलो असतो.

माझे सहाच आले म्हणून माझा नंबर शेवटचा. कार्यक्रम सुरू झाला सव्वा तास उशिरा, कारण चीफ गेस्ट ट्रॅफिकमध्ये. माझी पाळी आली नऊ छप्पनला. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठणकावून सांगितलंय, सणाचे ठरावीक दिवस सोडले तर सूट नाही. हे मला माहीत, पोलिसांना माहीत, खालच्या सोसायटीतल्या काकांना तर तोंडपाठ. फक्त शेड्यूल बनवणाऱ्याला माहीत नव्हतं. दुसरं गाणं आत घेत होतो, बास बदलायचा तेवढा राहिला होता, आणि मॅनेजरने आवाज खाली ओढला. टाळ्या वाजल्या. कारण जेवण लागलं होतं.

तरी सर्टिफिकेट मिळालं. त्यावर माझं आडनाव चुकलंय.

आता कोणीतरी म्हणेल, अरे पण जगातले मोठमोठे डीजे स्पर्धांमधूनच आले. आले की! ए-ट्रॅक नावाचा डीजे १९९७ ला डीएमसी या डीजेंच्या जागतिक स्पर्धेचा वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा १५ वर्षांचा होता, क्रेझ नावाचा डीजे १९९८, १९९९, २००० असा लागोपाठ तीनदा जिंकला. तिथे सहा मिनिटांचा सेट, समोर टर्नटेबल, स्क्रॅच (तबकडी मागेपुढे घासणं), बीट जगलिंग (दोन तबकड्यांवर ठेका खेळवणं), सगळं हातात. सहा मिनिटांत दिसतं कोणाला येतं आणि कोणाला नाही. ए-ट्रॅकला कोणी विचारलं नसेल की तुझ्या बाजूने किती टेबलं बुक होतायत. अशी स्पर्धा असेल तर जा ना, हरलात तरी शिकून याल.

पण ही? अरे हे काय स्पर्धा आहे का? तो १९ वर्षांचा पोरगा तिसरा आला, पहिला कोण आला माहितीये, ज्याने ३८ माणसं आणली तो, त्याचं पहिलंच ट्रान्झिशन, एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं, घोडा घसरल्यासारखं गेलं होतं, सगळ्यांनी ऐकलं. आणि त्यालाही बक्षिसाशिवाय काय मिळालं, तर हेडलायनरच्या, म्हणजे मेन डीजेच्या आधी साडेसहाचा स्लॉट, जेव्हा बाउन्सरही युनिफॉर्म घालत असतो.

आणि तुम्ही पोरांनो, तुम्हाला पण बोलणार आहे मी. "लग्नाची कामं नाही करत दादा, आपण आर्टिस्ट आहोत." माझ्या पहिल्या हळदीचे ४,००० मिळाले आणि वर जेवण. चार तास वाजवलं, आजी आणि तिचा सहा वर्षांचा नातू एकाच फ्लोअरवर, दर दहा मिनिटांनी एक काका येऊन कानात ओरडणार, लाइट गेली की जनरेटर चालू होईपर्यंत माइकशिवाय लोकांना थांबवून धरायचं. फ्लोअर वाचायला मी तिथे शिकलो. तिथे जायला लाज वाटते आणि स्वतःच्या मित्रांकडून हजार-हजार गोळा करून बारवाल्याला नेऊन द्यायला नाही वाटत? कोण सांगतं रे तुम्हाला फी भरायला? पैसे देऊन वाजवायचं, वर त्याला एक्सपोजर म्हणायचं!

आणि ऑर्गनायझर साहेब, काल तुमचा "सीझन २ अर्ली बर्ड १२९९" चा मेसेज आला. तो राहू दे. माझा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह तुमच्या लॅपटॉपला लावलेलाच राहिलाय, तीन मेसेज केले, दोन निळ्या टिका दिसतायत. तो तेवढा परत द्या.