तिच्या रजिस्टरात न मावणारं काम

आरोग्यसेविकांचं तोंडभरून कौतुक सुरू झालं की माझे कान टवकारतात. सत्काराची भाषा निघाली की खुशाल समजावं, पगाराचा विषय आता निघणार नाही. 'निःस्वार्थ', 'सेवाभावी', 'खऱ्या योद्ध्या' ही विशेषणं वाटायला दमडी लागत नाही, म्हणून ती सढळ हाताने वाटली जातात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांच्या आसपास आशांचा, म्हणजे सरकारी योजनेत मोबदल्यावर घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांचा, जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. अभिनंदनाच्या पोस्टींचा पूर आला. आरोग्य खात्याची कर्मचारी म्हणून नेमणूक मात्र आशांना त्या पुरस्कारानंतरही मिळाली नाही.

पण आजची पोस्ट फक्त 'पैसे वाढवून द्या' एवढ्यासाठी नाही. ते तर द्याच. माझं दुखणं जरा वेगळं आहे. गरीब, आडबाजूच्या, कुणी न विचारणाऱ्या घरांना ही बाई ज्या कामासाठी हवी असते, ते काम आपण कुठेच मोजत नाही. जे मोजतो त्याचेच पैसे देतो. आणि मग काही वर्षांनी आपणच विचारतो की योजना पोहोचली, तर फरक का पडला नाही?

मी आरोग्य प्रकल्पांच्या नोंदी आणि अहवालांचं काम करतो. म्हणजे सेविका घरोघरी फिरते आणि तिने भरलेले तक्ते शेवटी माझ्या टेबलावर येतात. त्यात 'रेफर केले', म्हणजे उपचारासाठी दवाखान्यात पाठवलं, असा एक रकाना असतो. त्यात खूण दिसली की माझं काम झालं. ही खूण उमटायला काय लागतं, हे मी एका सेविकेबरोबर हिंडताना पाहिलं.

बाळंतपणानंतरची तिसऱ्या दिवशीची भेट होती. सेविकेने हात धुतले, बाळाच्या काखेत थर्मामीटर धरला, झोळीच्या काट्यावर वजन घेतलं. मग बाळाच्या पोटावरचं कापड बाजूला करून एक मिनिट श्वास मोजले. थोडं थांबून परत मोजले. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, म्हणून दोनदा मोजायचे. दोन्ही वेळा साठ किंवा जास्त आले तर धोका. दोन्ही वेळा साठच्या वरच आले. बाळ दूधही नीट ओढत नव्हतं. दवाखान्यात न्यायलाच हवं होतं, आणि आई म्हणाली, "ताई, मी नाही जाणार."

इथे माझ्यासारखा माणूस काय करेल? समजावेल, घाबरवेल, 'तुम्हाला मुलाची काळजी नाही का' असं काहीतरी बोलून बसेल. सेविकेने यातलं काहीच केलं नाही. ती खाली टेकली आणि तिने विचारलं, "मागच्या वेळी गेली होतीस तेव्हा काय झालं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या खेपेला केसपेपर हरवला होता म्हणून खिडकीवरच्या माणसाने चारचौघांत झापलं होतं. नवरा रोजंदारीवर, एक दिवस दांडी मारली तर मुकादम दुसऱ्याला लावून घेतो. थोरलीला कुणापाशी ठेवायचं, हाही प्रश्न होताच. यातलं एकही कारण 'अज्ञान' नव्हतं. तिला सगळं कळत होतं.

सेविकेने थोरलीची सोय शेजारणीकडे लावली. कागदावर तापमान, वजन, दोन्ही वेळचे श्वास आणि मोजल्याची वेळ लिहिली. दवाखान्यातल्या ओळखीच्या नर्सला फोन केला. आणि चिठ्ठी हातात देऊन परत न फिरता ती स्वतः बरोबर गेली, खिडकीपाशी आधी स्वतः उभी राहिली. सगळ्यात मिळून अख्खी दुपार गेली. तक्त्यात खूण एकच.

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात 'तीन विलंब' म्हणून एक मांडणी आहे. माता-मृत्यूंच्या संदर्भात थॅडियस आणि मेन या दोघी अभ्यासकांनी ती १९९४ मध्ये मांडली. पहिला विलंब, जायचं ठरवण्यात. दुसरा, तिथवर पोहोचण्यात. तिसरा, पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात. मला यातलं पटतं ते हे, की तिसऱ्या विलंबाची आठवण पहिल्यात मुरलेली असते. ज्या दवाखान्यात ताटकळत ठेवलं, हाकललं, तिथे पुढच्या वेळी जायचं ठरवायला माणूस वेळ लावणारच. 'लोक येतच नाहीत' ही तक्रार करणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

हे सेविकांना पुस्तकातून शिकावं लागत नाही, कारण त्या त्याच वस्तीत राहतात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा आधी प्रशिक्षित नर्सबाईंना गावात ठेवून पाहिलं होतं. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या बाईला गाव आपलं म्हणेना, आणि तिलाही तिथे एकटीने राहणं जड जाई. मग गावानेच निवडलेल्या बायका पुढे आल्या. बऱ्याच निरक्षर, कितीतरी दलित, काही टाकलेल्या. त्यांना एकदाच शिकवून प्रमाणपत्र देऊन घरी पाठवलं नाही. त्या दर आठवड्याला केंद्रावर येत, गावात काय घडलं ते सांगत, अडलेलं विचारत, नवीन शिकत. शिक्षण कधी संपायचंच नाही. आपल्या आजच्या 'पाच दिवसीय निवासी प्रशिक्षणा'शी हे ताडून बघा. (त्या पाच दिवसांतला पहिला दिवस उद्घाटनात जातो, हे वेगळं सांगायला नको.)

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने केलेलं एक साधं उपकरण मला फार आवडतं. बालकांमधला न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजायला हवेत, आणि दाईला पन्नास-साठपर्यंत आकडे येत नसतील तर? मग मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या, लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. 'बाई अडाणी आहे, तिला जमणार नाही' असं म्हणून विषय संपवणं किती सोपं होतं! त्याऐवजी उपकरणच तिच्या हिशेबाने बनवलं गेलं. पुढे याच संस्थेने गावातल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, अगदी जंतुसंसर्गावरच्या इंजेक्शनापर्यंत. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. त्यावेळी भुवया उंचावणारे पुष्कळ होते. आज आशा ज्या घरभेटी देतात, त्यांचं मूळ या कामात आहे.

आता पैशांकडे येतो. २०११ मध्ये या घरभेटींची योजना देशभर आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. सगळ्या मिळून मोबदला २५० रुपये. आणि मूळ नियमात अटी होत्या: वजनाची नोंद हवी, लसी झालेल्या हव्यात, जन्मनोंदणी हवी, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत. ही शेवटची अट परत एकदा वाचा. जिथे सेविका सगळ्यात जास्त धावली, रात्री गाडी शोधली, दोन दवाखाने पालथे घातले, आणि तरी बाळ गेलं, तिथे नियमाप्रमाणे तिच्या हाताला काही लागणार नव्हतं. ज्या घरी सगळं आपसूक बरं चाललंय, तिथे पूर्ण पैसे. ही अट लिहिणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसेलही. पण तिचा हिशेब सरळ आहे: अवघड घरापासून लांब राहिलेलं बरं.

काम मोजून पैसे दिले की काय होतं, याचा बांगलादेशातला किस्सा मला बोधप्रद वाटतो. १९८० ते १९९० या दहा वर्षांत 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका एक कोटीहून जास्त घरांत गेल्या आणि मीठ, गूळ नि पाणी मिसळून जुलाबावरचं पेय कसं करायचं ते आयांना शिकवलं. यांची पैसे देण्याची रीत हुशारीची होती. किती घरं केली याला महत्त्व नव्हतं. नंतर दुसरा माणूस जाऊन काही आयांना विचारायचा, तुम्हाला किती मुद्दे आठवतात? त्यावर शिकवणारीचा मोबदला ठरायचा. त्यामुळे शिकवणं सुधारलं, आयांना मुद्दे तोंडपाठ झाले. आणि तरीही जुलाब झाल्यावर ते पेय पाजणाऱ्या आया सुरुवातीला थोड्याच निघाल्या. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्या कित्येक जणींचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःच्या घरी त्या वेगळंच औषध वापरत. शिवाय घरातल्या पुरुषांशी कुणी बोललंच नव्हतं. मग आधी शिकवणाऱ्यांना ते का आणि कसं काम करतं हे नीट दाखवलं, पुरुषांच्या बैठका घेतल्या, आणि वापर वाढला. इतकी बारकाईने बसवलेली मोबदल्याची पद्धतसुद्धा पाठांतरापर्यंतच पोहोचली. विश्वास कसा बसतो, हे त्यांना लोकांत जाऊन, बोलूनच कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की कामाचे तास, जबाबदारी आणि कष्ट यांना साजेसं वेतन द्या, लेखी करार करा, आणि निव्वळ किंवा मुख्यत्वे कामगिरीवर आधारित मोबदल्यावर त्यांना ठेवू नका. निवड करताना वैवाहिक स्थितीची अट घालू नका, असंही आहे. पुरस्कार देताना हीच संघटना आपल्याला फार आवडते. तिच्या सूचना मात्र आपण इतक्या आवडीने वाचत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पगार सुरू केला की सेवाभाव संपतो, खुर्चीला चिकटतात. हे म्हणणारे बहुतेक स्वतः पगारी असतात, ते सोडा. पण जगात हे करून झालेलं आहे. ब्राझीलच्या सिआरा राज्यात १९८७ च्या दुष्काळात रोजगाराचं काम म्हणून बायकांना आरोग्याच्या घरभेटींवर घेतलं गेलं. ते इतकं उपयोगी ठरलं की पुढे देशभराचा कार्यक्रम झाला. तिथली कार्यकर्ती ज्या वस्तीत राहते तिथेच काम करते, आणि दर महिन्याला प्रत्येक घरी जाते, कुणी आजारी असो वा नसो. २०२२ मध्ये तिथे घटनादुरुस्ती करून या कार्यकर्त्यांना किमान वेतनाच्या दुप्पट पगाराची हमी दिली गेली. इथिओपियाने २००३ पासून वर्षभराचं प्रशिक्षण देऊन तरुणींना पगारावर नेमलं. पाकिस्तानातल्या लेडी हेल्थ वर्कर १९९४ पासून काम करत होत्या. त्यांना कायम होण्यासाठी रस्त्यावर आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, पण २०१२ मध्ये तसा निर्णय झाला. या सगळीकडे आबादीआबाद आहे असं मी म्हणत नाही. पगार उशिरा होतात, कामाचा बोजा वाढतो, रडगाणी आहेतच. पण पगार मिळाला म्हणून घरभेटी थांबल्या, असं कुठे झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ब्राझीलमधली 'कुणी आजारी असो वा नसो' ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. आपली सेविका घरात येते ती बहुधा काही कारण घेऊन: लस, गरोदरपण, सर्वेक्षण, आणि एखाद्या वरिष्ठाला आज संध्याकाळपर्यंत हवी असलेली माहिती. जी बाई काहीही काम नसताना येऊन दोन मिनिटं टेकते, तिलाच पुढे कधीतरी घरातली मारहाण कळते, लपवलेला क्षयरोग कळतो, तीन महिने चुकलेली पाळी कळते. या येण्याला आपल्याकडे रकाना नाही. मोबाइल अॅप आल्यावर तर रकाने वाढले, आणि रेंज नसली की सेविका घरात बसण्याऐवजी अंगणात फोन वर धरून उभी.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. सेविका म्हणजे दवाखान्याला पर्याय नाही. दवाखान्यात डॉक्टर नाही, औषध नाही, रक्त नाही, आणि वर 'आमच्याकडे प्रशिक्षित सेविकांचं जाळं आहे' असं सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे. तिच्याजवळ भांडवल एकच असतं, तिचा शब्द. तिच्या शब्दावर एक घर दवाखान्यापर्यंत जातं आणि तिथे कुलूप दिसतं, किंवा 'उद्या या' ऐकू येतं, तेव्हा दवाखान्याचं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून सेविकेला जायचं असतं. लोक तिलाच विचारतात, "तुम्हीच सांगितलं होतं ना?" पुढची घरं मग तिचं ऐकून घेतात, चहा देतात, आणि जात नाहीत.

म्हणून वेतनाबरोबर तिच्या करारात आणखी एक कलम असावं, असं मला वाटतं. तिने पाठवलेलं माणूस परत आलं तर त्याची नोंद दवाखान्याने करायची, कारण लिहायचं, आणि ते सात दिवसांच्या आत तिला कळवायचं. माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्त्यात 'रेफर केले'च्या शेजारी 'पुढे काय झालं' असा रकाना हवा, आणि तो भरायची जबाबदारी तिच्यावर नको, दवाखान्यावर हवी. इथे आरोग्य खात्यात काम करणारे बरेच जण आहेत, त्यांनी सांगावं, यात नेमकं काय अवघड आहे?