अण्णाचं मेरिट आणि सुमीचा जादा तास

"सगळीकडे सवलती. मग मेरिटवाल्यांनी जायचं कुठं?" कटिंग हातात यायच्या आत अण्णाचं सुरू. अण्णा एमपीएससी करतोय. कुठलाही निकाल लागला की हे भाषण ठरलेलं, सदाशिव पेठेतल्या आमच्या टपरीवाल्यालाही ते पाठ आहे.

आज निमित्त अपंग मुलांच्या मेडिकल प्रवेशावरच्या कोर्टाच्या निकालाचं. आमच्यातला वकील वैतागला. "ऑक्टोबर २०२४चा निकाल वाचलास तरी का? मुंबई हायकोर्टातून वर गेलेलं प्रकरण. मुलाला बोलायची अडचण. सुप्रीम कोर्ट काय म्हणालं? अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर दिसलं म्हणून आपोआप अपात्र ठरवू नका, तो कोर्स करू शकेल का ते अपंगत्व तपासणाऱ्या बोर्डानं बघावं. यात सवलत कुठं आली?"

"बरं, ते सोड. तीन तासांच्या पेपरला चार तास? मला द्या एक तास जादा, टॉप करून दाखवतो."

"तुला अख्खा दिवस दिला तरी तू समासच आखत बसशील," सुमी म्हणाली.

सुमीला दिसत नाही. इकॉनॉमिक्समध्ये एम.ए. करतेय. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात ती जातात कुठं, ते तिनंच सांगितलं.

"रायटर आपला आपण नेला तर तो एक पायरी कमी शिकलेला लागतो. मी बी.ए.ची मुलगी नेते, तिचा विषय मराठी. प्रश्न ती वाचणार, मी म्हणणार परत वाच. उत्तर मी सांगणार, ती स्पेलिंग विचारणार. मग आकृती. उभ्या रेघेवर किंमत लिही, आडव्यावर नग, आता डावीकडे वरून उजवीकडे खाली तिरकी रेघ मार. एवढं करून तिनं ती रेघ खालून वर नेली, तर मागणीची रेघ झाली पुरवठ्याची. मला कसं कळणार? आणि मागच्या सेमिस्टरला सुपरवायझर माझ्यासमोर तिलाच विचारतात, ह्यांना काहीच दिसत नाही का?"

"आणि खोटी सर्टिफिकेटं?" अण्णा हटेना. "आपल्या पुण्यातलंच ते..."

"पकडा की त्यांना! त्यांनी जागा खाल्ली ती माझी, तुझी नव्हे. तरी तेव्हापासून माझंच अपंगत्वाचं कार्ड उलटंपालटं करून बघतात."

माझ्या मते वाद इथंच मिटला होता. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यानं उच्च शिक्षणात त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखल्या, पण त्या सरकारी आणि अनुदानित संस्थांत. विनाअनुदानित कॉलेजं त्या कलमात नाहीतच, आणि आपली बरीच पोरं तिथंच शिकतात. ओरडायचंच असेल तर यावर ओरडावं, असं मी म्हणालो. तेवढ्यात बापूला कॉलेजचा रॅम्प आठवला.

"कॉलेजला ग्रेड देणारे नॅकवाले येणार म्हणून आठवड्यात बांधला होता. त्यावर एक काळी स्प्लेंडर कायम आडवी लावलेली असायची, बघ."

"अण्णाची!" वकील आणि सुमी एकदम.

"पार्किंगला जागा नसायची रे," अण्णा पुटपुटला.

"मी त्या स्प्लेंडरच्या हँडलवर दोनदा आपटलेय. आणि मेरिटवाल्या, टी.वाय.ला अकाउंट्स कसा सुटला तुझा? एनएसएसच्या दहा मार्कांवरच ना?"

"ते कष्टाचे मार्क होते! कॅम्पात झाडं लावली मी!"

"खड्डे मी खणले," बापू उसळला. "हा तीन दिवस पोट दुखतंय म्हणून सरपंचांच्या घरी झोपून होता. शेवटच्या दिवशी फोटोपुरता रोप धरून उभा."

"फोटोत रोप उलटं धरलंय," वकिलानं लगेच मोबाइल काढला. "थांब, ग्रुपवर टाकतो."

"मला वर्णन करून सांगा रे कुणीतरी," सुमी म्हणाली, आणि चौघंही एकदम सांगायला लागले, अण्णासुद्धा.