पैलवानाचं बिऱ्हाड

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात एकटं राहायची सोय नाही. घर जुनं, एकामागे एक खोल्यांचं. पुढच्या दारातून शिरलेला माणूस परसात पोचेपर्यंत निदान चौघांनी त्याला "चहा घेणार काय?" म्हणून विचारलेलं असतं. न्हाणीत कोणी जास्त वेळ काढला तर बाहेरून तब्येतीची चौकशी सुरू होते. अशा घरात माझ्या पुतण्यानं एक जीव आणला, आणि त्या जिवाची आयुष्याकडून मागणी एकच होती: माझ्या जातीचं दुसरं कुणी मला दिसता कामा नये.

मासा होता. बेटा जातीचा, दुकानात ज्याला सरसकट 'फायटर' म्हणतात तो. निळा, शेपटीला लाल झालर, आणि राहायला प्लॅस्टिकचा ग्लास. पुतण्याच्या सांगण्यानुसार दुकानदार म्हणाला होता, "फायटरला काय लागत न्हाई. वाटीत बी राहतोय. पंप नको, काय नको."

दुकानदाराचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं असलेल्या गोष्टींनीच माणसाचा खिसा रिकामा होतो. या माशाला कल्ल्यांच्या जोडीला एक जादा अवयव असतो. त्याच्या जोरावर तो पाण्याच्या वर तोंड काढून सरळ हवा घेतो. त्याचं मूळ गाव थायलंड, जुनं सियाम. तिथल्या भातशेतांत आणि उथळ डबक्यांत पाणी गढुळतं, त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा हा अवयव कामाला येतो. म्हणून तो ग्लासात लगेच मरत नाही. पण भातशेत वाटीपेक्षा बरंच मोठं असतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. नीट जगवायचा तर पंधरा-वीस लिटरची टाकी, पाणी न घुसळणारा मंद फिल्टर, हीटर आणि झाकण लागतं. झाकण अशासाठी की हा उडी मारतो. म्हणजे फुकटात राहणाऱ्या माशाचं सामान आणायला दादाला स्कूटर सोडून रिक्षा करावी लागली.

टाकीत सोडल्या सोडल्या त्यानं समोर वाकून बघणाऱ्या दादाकडे बघितलं, कल्ल्यांची झाकणं फुलवली, पर ताणले आणि अंग आडवं करून उभा राहिला. दादा तरुणपणी तालमीत जात असे. तो म्हणाला, "आयला, ह्यो तर दंड थोपटालाय!" त्या क्षणापासून माशाचं नाव पैलवान.

आता बिऱ्हाड कुठं थाटायचं? पहिल्यांदा स्वयंपाकघर ठरलं, कारण आईची नजर राहील. पण आमच्या मांडणीवर आईच्या लग्नातल्या डब्यांपासून ते परवाच्या बारशाला आलेल्या तांब्यापर्यंत सगळं स्टील लखलखत असतं. पैलवानाला त्यात जेवढे डबे तेवढे दुश्मन दिसले. तो सकाळपासून फुललेला, आणि आईची भाकरी करपलेली. घटकाभर फुलणं त्याच्या अंगाला चांगलं, व्यायाम होतो; पण दिवसभर तेच करत राहिला तर दमून आजारी पडतो. मग टाकी पुढच्या खोलीत खिडकीशी नेली. तिथं ऊन येई, चार दिवसांत काचेवर शेवाळ. तिसऱ्या खोलीत कपाटाला आरसा. आरशावर बायकोनं टॉवेल टाकला आणि नंतर स्वतःच कुंकू लावायला तो काढला. देवघराशेजारी ठेवायला आज्जी तयार नव्हती. "देवासमोर एवढा राग बरा न्हवं," असं तिचं म्हणणं.

शेवटी मधल्या खोलीतलं वहिनींचं शिलाई मशीन हललं. वहिनी अख्ख्या गल्लीचे ब्लाऊज शिवतात; त्या आता पडवीत बसतात आणि पैलवान त्यांच्या जागेवर, भक्कम स्टँडवर. तिथंही रात्री एक भानगड उरली. टाकीतला दिवा चालू आणि खोलीत अंधार असला की आतल्या बाजूनं काचेचाच आरसा होतो. त्यामुळे आमच्याकडे पहिल्यांदा पैलवानाचा दिवा मालवतात, मग माणसांचा. बारावीचा अभ्यास करणाऱ्या पुतणीनं याचा पुरेपूर फायदा घेतला.

पाण्याबद्दल सांगायचं तर बेळगावच्या नळाला पाणी येतं ते राकसकोपचं आणि हिडकलचं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत सण असतो. घागरी, पिंप, बादल्या, पातेली, सगळं भरून घ्यायचं. त्यात आता एक बादली माशाची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशाच्या कल्ल्यांना जाळतं; म्हणून पाणी दिवसभर उघडं ठेवायचं किंवा क्लोरीन मारणारे थेंब टाकायचे. बादलीला हात लावू नये असा कागद चिकटवला. भांड्यांना येणाऱ्या अक्का कन्नड शाळेत शिकलेल्या, म्हणून कन्नडमध्येही लिहिणं भाग होतं. पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून आमच्या शहरात आजवर काय काय झालंय ते वाचकांना ठाऊक आहे. तो प्रश्न न्हाणीत शिरू नये म्हणून बादलीच्या दोन बाजूंना दोन कागद लावले, अक्षरं सारख्या आकाराची. तरी एका पाहुण्यानं त्या पाण्यानं आंघोळ केलीच. त्याला दोन्ही भाषा उत्तम येतात.

सगळ्यात अवघड काम आईला आवरण्याचं. आईच्या हाताला घाण दिसली की राहवत नाही. टाकीचं पाणी एका वेळी पाव भागच बदलायचं असतं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा चोळायचा नसतो, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा असतो. कारण त्या स्पंजात आणि खड्यांत बॅक्टेरिया राहतात. माशाच्या शीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे थोडं असलं तर चालतं आणि पाणी बदललं की जातं. ही सगळी फौज वसायला महिनाभर सहज लागतो आणि डिटर्जंटच्या एका चमच्यानं ती नामशेष होते.

हे मी आईला समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे घरात तू जंतू पाळालायस."

"चांगले जंतू, आई."

"जंतूत चांगलं-वाईट कसलं बघतोस? आन खोबरेलाच्या बाटलीत पाणी भरून ठेवलास ते काय?"

त्या बाटलीत पाण्याची तपासणी करायचा नमुना होता. बाटली दुसऱ्या दिवशी धुऊन, उन्हात वाळवून, खोबरेल भरून जागेवर होती.

खाण्याची कथा निराळी. पैलवानाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, अशी मासे पाळणाऱ्यांत मोजायची रीत आहे. सकाळी दोन-तीन दाणे, संध्याकाळी दोन-तीन, संपलं. पण भूक त्याच्या तोंडावर कायम. माणूस दिसला की काचेशी येऊन असा लडिवाळ हेलकावे खातो की बघणाऱ्याचं काळीज पाघळतं. आणि आमच्या घरात जेवलास का, हे विचारल्याशिवाय एकमेकांना ओलांडून जाता येत नाही.

"आज्जी, माशाला कोण खायला घातलंय?"

"मी घातलो की. चार दाणे."

"आई?"

"मी बी घातलो. बिचारा बघालता."

दादानं घातलेले, वहिनींनी घातलेले, शेजारच्या पोरानं चिरमुरे घातलेले. पैलवानाचं पोट टम्म. मग डबा कपाटात कुलपात गेला. यात आज्जीला अचानक एक गोष्ट पसंत पडली. या माशाला आठवड्यातून एक दिवस काहीच न घालणं चांगलं, पोट साफ राहतं, असं मी बोलून गेलो होतो. आज्जीनं चष्म्यातून पैलवानाकडे पहिल्यांदा आदरानं बघितलं आणि "शनिवार धरतोय तर," म्हणून जाहीर केलं. आता ती दर शनिवारी त्याला उपास मोडू देत नाही आणि इतर दिवशी आलेल्या-गेलेल्याला सांगते की आमच्या घरात पोरांपेक्षा मासा बरा, वार पाळतो. त्याला डासांच्या अळ्या आवडतात, त्याही श्रावणात, हे तिच्यापासून लपवून ठेवलंय.

डिसेंबरात बेळगाव गारठतं. पैलवानाला पाणी चोवीस ते अठ्ठावीस अंश लागतं, म्हणून हीटर. लाईट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या टाकीत तरंगायला सोडायच्या आणि टाकीला शाल गुंडाळायची. ती शाल माझ्या सत्कारात मिळालेली. मला मिळालेली एकच.

एवढं सगळं करूनही घरातल्या मोठ्यांचा एक सल जात नव्हता. येणारा प्रत्येक जण टाकीसमोर उभा राहून पहिलं वाक्य तेच म्हणे, "एकटाच?" मग जीभ चुकचुकायची. एवढी मोठी टाकी आणि त्यात एकच मासा, हे आमच्या लोकांना बघवत नाही. आमच्याकडे वीस माणसांची वरात एका टेम्पोत बसते. पुतण्याला ही हळहळ सहन झाली नाही आणि त्यानं पॉकेटमनीतून दुसरा फायटर आणला, तोही नर, लालभडक.

सुदैवानं तो ग्लासासकट टाकीशेजारी ठेवला होता. पैलवानानं त्याला बघितलं आणि काचेवर धडका मारायला सुरुवात केली. तोही ग्लासात फुलला. थायलंडमध्ये या माशांच्या झुंजी लावून पैजा मारायची चाल फार जुनी. सियामच्या राजाकडचे असे काही मासे १८४० च्या सुमारास थिओडोर कँटर नावाच्या डॉक्टरच्या हाती आले, तेव्हापासून युरोपच्या अभ्यासकांना हे प्रकरण ठाऊक झालं, आणि २०१९ मध्ये थायलंडनं याला राष्ट्रीय जलचर करून टाकलं. रानातले मासे मात्र थोडा वेळ भांडतात आणि हरलेला निघून जातो. टाकीत हरलेल्यानं जायचं कुठं, हीच तर अडचण. आमच्या घरातही भांडण झालं की माणूस चिडून पुढच्या खोलीत जातो, तिथं आधीच कोणी चिडून बसलेला असतो.

दोघांच्या मध्ये कुंद्याच्या मिठाईच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा उभा केला. खोक्याला एक भोक होतं. दोघंही रात्रभर त्या भोकाशी. सकाळी लाल मासा भिंतीपलीकडच्या कन्नड काकूंना देऊन टाकला. त्यांनी हौसेनं काचेची बरणी पुढं केली, मी हात जोडून टाकीचं महत्त्व सांगितलं, त्या लाल माशाकडे बघून म्हणाल्या, "यप्पा, भाळ सिट्टैती इदक्क!" राग फार आहे त्याला, हे त्यांनाही लगेच कळलं. आता दोन्ही घरांतली माणसं कठड्यावरून एकमेकांच्या माशाची चौकशी करतात. मासे एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे संबंध उत्तम आहेत.

मग खानापूरची मावशी आली. टाकीतलं पाणी तेव्हा चहाच्या रंगाचं होतं, कारण देशी बदामाचं वाळलेलं पान त्यात सोडलेलं. त्याचा अर्क उतरतो, तो या माशांना मानवतो. पान शाळेच्या आवारातून मी वेचून आणतो आणि शिपाई माझ्याकडे काळजीनं बघतो. मावशी वाकली. "पाण्यात साबण कोण घातलंय? फेस आलाय."

"मी न्हाई घातलो," आई तडक म्हणाली. तिच्यावर पूर्वीचा वहीम होताच.

फेस नव्हता तो. पैलवानानं बुडबुडे जोडून, पाण्यावर, पानाच्या आडोशाला घरटं बांधलं होतं. वयात आलेला नर मादी नसतानाही बांधतो. एवढं कळल्यावर मावशीनं पदर खोचला. तिनं आजवर जमवलेल्या लग्नांची यादी खानापूर ते चंदगड पसरलेली आहे. "घर बांधून बसलाय, आन तुम्ही पोरगी बघंनासा?"

मी सगळं सांगितलं. मादी आधी काचेपलीकडून दाखवायची, तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले म्हणजे होकार. (मावशीनं मान डोलावली, बघण्याचा कार्यक्रम तिला पटला.) मग दोघांना एकत्र सोडायचं. अंडी पडली की नर ती तोंडात झेलून एकेक करून घरट्यात ठेवतो आणि मादीला हाकलून देतो. मादी वेळेवर काढली नाही तर तिच्या जिवावर बेततं.

"आन पोरं?"

"पोरं बाप सांभाळतो. एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात, खाली पडलं की उचलून परत घरट्यात ठेवतो."

स्वयंपाकघरात एकदम शांतता झाली. वहिनी ब्लाऊज टाकून दारात आल्या. आज्जीनं पुन्हा चष्मा लावला. बायकोनं माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही. दादा पेपर घेऊन परसात गेला.

"अहो, पण पिल्लं शे-दोनशे होतात," मी घाईनं म्हणालो. "आणि काही महिन्यांत त्यातले नर एकमेकांना फाडायला लागतात. मग प्रत्येकाला वेगळी बरणी, वेगळं पाणी, मध्ये पुठ्ठे. शंभर बरण्या! ठेवायच्या कुठं?"

मावशीनं वर बघितलं. आमच्या आजोबांच्या काळापासून तिथं मोडके पाळणे आणि पितळी हंडे पडून आहेत.

"माळा रिकामा हाय की," ती म्हणाली.