तहकूब म्हणजे रद्द नव्हे. मावशी, आधी मेंटेनन्स भर

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून मावशीचा फोन आला. लिफ्टशेजारच्या फळ्यावर थकबाकीदारांची यादी लागली आहे आणि तिसरं नाव तिचं आहे. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, दुकानदाराचे दोन रुपये राहिले तरी दुसऱ्या दिवशी नेऊन देणारी. कारण विचारलं तर म्हणाली, "अगं, मेंटेनन्स वाढवला ती सभाच बेकायदेशीर होती. 'अ‍ॅडजर्न' झाली होती ना!" आणि पुरावा म्हणून तो मेसेज मला पाठवला. गणपतीपासून फिरतोय, मलाच तो आधी तीनदा आला होता. दर वेळी न वाचता पुसला, ही चूक माझी.

मेसेजचा सारांश असा. कोरम म्हणजे निम्मे सभासद अधिक एक. कोरम नसेल तर सभा 'अ‍ॅडजर्न', म्हणजे रद्द. अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा सभा घेणं ही फसवणूक, कारण नव्याने चौदा दिवसांची नोटीस लागते. संसदेतही असंच असतं. म्हणून अशा सभेत ठरलेली वाढ भरू नका. शेवटी लाल अक्षरांत 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'.

निम्मे अधिक एकचं आधी उरकते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सर्वसाधारण सभेची गणपूर्ती (म्हणजेच कोरम, किमान हजेरी) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जो आकडा कमी तो. मावशीच्या सोसायटीत ६४ सभासद. दोन तृतीयांश म्हणजे ४३, पण २० कमी, म्हणून कोरम २०. मेसेजवाल्याच्या हिशेबाने ३३. साधं बहुमत लागतं ते व्यवस्थापक समितीच्या बैठकीला. तिथलं उचलून इथे चिकटवलेलं दिसतंय.

आता खरा घोळ. 'अ‍ॅडजर्न' या शब्दाचा अर्थ रद्द करणे असा कधीच नव्हता. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द, त्याच्या पोटात 'दिवस' आहे: अमुक दिवसावर नेणे, पुढची वेळ नेमून देणे. मराठीत त्याला 'तहकूब' हा चोख शब्द आहे आणि कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही तो कळतो. खटला तहकूब झाला म्हणून कुणी पेढे वाटत नाही. पुढची तारीख पडली एवढाच त्याचा अर्थ. सभेचंही तेच. तहकूब सभा ही नवी सभा नसते, ती पहिलीच सभा पुढे चालू असते. म्हणून तिला नवी विषयपत्रिका नाही आणि नवी चौदा दिवसांची नोटीसही नाही.

उपविधीत हे स्पष्ट लिहिलंय. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. ती त्याच दिवशी नोटिशीत दिलेल्या उशिराच्या वेळी घेता येते, किंवा ७ दिवसांनंतर आणि ३० दिवसांच्या आत. त्या सभेत मूळ विषयपत्रिकेवरचं कामकाज होतं, गणपूर्ती असो वा नसो. मावशीला तिची नोटीस शोधायला लावली. डाळींच्या डब्याखाली घडी करून ठेवलेली होती. तळाशी बारीक अक्षरांत: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच दिवशी सकाळी ११ वाजता त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्यास गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.' दहाला १४ जण आले, साडेदहाला तहकूब, अकराला पुन्हा सुरू. मेंटेनन्स २,८०० वरून ३,४००, आणि हा विषय पत्रिकेवर चौथा होता. यात फसवणूक कुठे आहे?

हो, या तरतुदीचा गैरफायदा घेतला जातो, हे मान्य. काही समित्या वीस माणसं येऊच नयेत अशाच बेताने वेळ ठरवतात. पण त्यावर उपाय सभेला जाणं हा आहे. मावशी त्या दिवशी घरी होती, दुसऱ्या मजल्यावर.

आणखी एक अर्धसत्य नाइलाजाने कबूल करते. काही सभा कोरमअभावी खरोखर रद्द होतात. कंपनी कायद्यात सभासदांनी स्वतः मागणी करून बोलावलेल्या सभेला कोरम झाला नाही तर ती रद्दच होते. आपल्याकडे पुनर्विकासाच्या विशेष सभेलाही नियम कडक आहेत: २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे तिथे दोन तृतीयांश गणपूर्ती लागते, तहकूब सभेलाही सूट नाही. कुणाच्या तरी पुनर्विकासाच्या भांडणातलं वाक्य वार्षिक सभेला लावलं गेलं असावं, असा माझा अंदाज.

संसदेचा दाखला तर उलटाच पडतो. संविधानाच्या अनुच्छेद १०० प्रमाणे सभागृहाची गणपूर्ती एक दशांश, म्हणजे लोकसभेत ५५. ती नसेल तर अध्यक्षांनी सभागृह तहकूब करावं किंवा गणपूर्ती होईपर्यंत बैठक थांबवावी. रद्दचा उल्लेखच नाही. आपल्या विधानसभेत २८८ पैकी २९ पुरतात. अधिवेशन 'बेमुदत तहकूब' झालं तरी ते संपत नाही. सत्रसमाप्ती ही वेगळी गोष्ट, ती राष्ट्रपती किंवा राज्यपाल करतात.

आणि तो शेवटचा सल्ला, 'वाढ भरू नका'. ज्याने हे लिहिलं त्याला व्याज भरावं लागत नाही. थकबाकीवर द.सा.द.शे. २१ पर्यंत सरळव्याज लावायची मुभा उपविधीत आहे, आणि प्रकरण उपनिबंधकाकडे वसुली दाखल्यापर्यंत जाऊ शकतं. मावशीचे सात महिन्यांचे ४,२०० रुपये, व्याज वेगळं. फळ्यावरचं नाव त्याहून वेगळं. हरकत असेल तर ती लेखी नोंदवायची आणि पैसे भरायचे.

गंमत म्हणजे त्या सभेत हरकत घेण्यासारखं होतं, पण मेसेजच्या नादात मावशीचं तिकडे लक्षच गेलं नाही. इतिवृत्ताच्या शेवटच्या पानावर 'आयत्या वेळचे विषय' खाली स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, तीन पार्किंगचं वाटप मंजूर झालंय. मूळ पत्रिकेत पार्किंगचं नावही नाही. तहकूब सभेला, तेही कोरम नसताना, असा विषय आणता येत नाही. त्यावर अर्ज करायचा. मसुदा मी शनिवारी घेऊन येते, मावशी, तू इतिवृत्ताची प्रत मागून ठेव. पण चेक उद्याच दे.