लॉगिन करताना डेटाबेस बदलावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘लॉगिनच्या वेळी डेटाबेस अपग्रेड करणं म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर घर शाकारायला घेणं. एक स्क्रिप्ट लिहा, रात्री चालवा, विषय संपवा,’ असं तुम्ही लिहिलंत. निम्मं मान्य. त्या निम्म्याची किंमत मी मोजलेली आहे.

देवगडच्या एका बागायतदारासाठी आंब्याच्या पेट्यांचं बुकिंग केलं, तेव्हा टेबलची रचनाही मी लॉगिनलाच तपासत होतो. आवृत्ती जुनी दिसली की ऑल्टर टेबल, म्हणजे टेबलची रचना बदलणारी आज्ञा. मार्चमध्ये बुकिंग उघडलं आणि दोन गिऱ्हाइकं एकदमच आत शिरली. दोघांनाही आवृत्ती जुनीच दिसली. एकाने कॉलम घातला, दुसऱ्याला ‘डुप्लिकेट कॉलम’ची एरर. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ऑल्टर आपसूक कमिट (कायम) होतं, त्यामुळे रोलबॅक करायलाही (मागे फिरवायलाही) काही उरत नाही. शिवाय वेबच्या डेटाबेस युजरला ऑल्टरचे अधिकार देऊन ठेवले होते, हे तर चारचौघांत सांगण्यासारखंही नाही. आता रचना डिप्लॉयच्या, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्याच्या, वेळीच बदलतो.

पण पासवर्डचं काय? पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेली अक्षरांची खूण, ठेवतात. आमचे जुने हॅश एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीचे. हॅश उलटा फिरवून पासवर्ड मिळत नाही, मग रात्रीची स्क्रिप्ट बीक्रिप्ट या भक्कम हॅश-पद्धतीच्या हातात देणार काय? मूळ पासवर्ड सर्व्हरला दिसतो तो फक्त लॉगिनच्या क्षणी.

तुम्ही म्हणाल, एमडी५च्या हॅशवरच बीक्रिप्ट चढवा. चढवलं, आणि तेही रात्रीच! आमचं गिऱ्हाईक मेअखेर जातं ते पुढच्या मार्चलाच उगवतं. तोवर नुसते एमडी५ पडून ठेवणं बरं नव्हे. त्याआधी हॅशचा कॉलम मात्र रुंद करावा लागला. तो ३२ अक्षरांचा होता, बीक्रिप्टला ६० लागतात.

हा दुहेरी हॅश सुटतो तो लॉगिनला: पासवर्ड जुळला की थेट बीक्रिप्ट करून जागेवर ठेवायचा. अपडेटच्या अटीत जुना हॅशही घालतो, म्हणजे दुसऱ्या टॅबमध्ये त्याच वेळी बदललेला पासवर्ड पुसला जात नाही. अपडेट फसलं तर लॉगमध्ये नोंद, पण माणसाला आत सोडायचं. आपल्या घरकामासाठी त्याला उंबऱ्यावर कशाला ताटकळत ठेवा?

दोन मोसम फिरकले नाहीत त्यांना पासवर्ड रीसेट करायला लावून जुनी शाखा (दुहेरी हॅश तपासणारा कोड) काढायचा विचार आहे. अडकलाय तो एकाच गोष्टीवर: आमचा हेल्पडेस्क म्हणजे बागायतदाराचा मोबाईल, आणि एप्रिलात तो झाडावर असतो.