छावणीत दात जपावेत

परवा टपरीवर कटिंग घेताना तुम्ही म्हणालात, "एकदा काय ते आरपार होऊनच जाऊ दे. यादवी तर यादवी!" एवढी हौस आहे तर सोय करून देतो. आपल्याकडे नको, इथे शेजारी ओळखीचे निघतात. अमेरिकेला चला. 1862 चा हिवाळा आहे, तिथे उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी पेटलीय, आणि व्हर्जिनियात रॅपाहॅनॉक नदीकाठी फॅलमथजवळ लिंकनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेचा तळ पडलाय. नाव नोंदवून टाका.

निघण्याआधी दात तपासून घ्या. तुमचं देशप्रेम किती, हे भरतीत कोणी मोजत नाही, पण पुढचे दात आहेत का ते बघतात. काडतूस कागदाचं, ते दातांनीच फाडायचं. दात नसतील तर घरी पाठवतात. (काही चतुर मंडळी दात पाडून घेऊन आली होती. तुम्ही तसले नाही, माहीत आहे.)

दात आहेत म्हणून तुम्हाला घेतलं, की सरकार तेच पाडायला बसतं. त्या हत्याराचं नाव हार्डटॅक. पीठ आणि पाणी, दोनच जिन्नस. साधारण तीन इंची चौकोनी बिस्कीट, दिवसाला नऊ-दहा. पेटीवर 'बी. सी.' अशी अक्षरं असतात. रसदखात्याची खूण असावी, पण ती भाजल्याची तारीख आहे, इसवी सन पूर्व, असं जुने शिपाई सांगतील. तुम्ही मान डोलवा. चावायला जाऊ नका. बंदुकीच्या दस्त्याने फोडा आणि कढत कॉफीत टाका, आपण खारी बुडवतो तसं. खारीतून चुरा निघतो, यातून सोंडे आणि अळ्या. त्या वर तरंगायला लागल्या की चमच्याने काढून टाका आणि कॉफी प्या. कॉफीची चव बिघडत नाही म्हणतात. घरी पोह्यात एक केस सापडला तर ताट सरकवणारे तुम्ही, तुमची प्रगती बघायला मला फार आवडेल. शक्यतो अंधार पडल्यावर जेवावं. दिसत नाही ते बाधत नाही.

उवांचं म्हणाल तर त्यांच्यापुढे शिपाई आणि साहेब सारखेच. कपडे उकळा. भांडं कुठलं, हे मात्र विचारू नका, संध्याकाळी त्यातच सूप होणार आहे.

संडासासाठी चर खणलेला असतो, लांब, तळाच्या कडेला. थंडीत एवढं कोण चालतं? तुम्हीही जवळच आडोसा बघा, तोही पिण्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. मग हगवण लागेल. शिपाई तिला 'क्विकस्टेप' म्हणतात, म्हणजे कवायतीतली जलद चाल. डॉक्टर अफूची गोळी देईल. पोट गच्च झालं तर पाऱ्याची निळी गोळी. खेड्यातून आलेल्या, कधी गर्दीत न राहिलेल्या तरण्याबांड पोरांना इथे गोवर गाठतो. तुम्ही आलात गोळी झेलायला, पण रांग मोठी आहे ती दुसऱ्याच खिडकीपुढे: या युद्धात सहा लाखांवर माणसं गेली, त्यातली तिनातली दोन आजाराने. घरच्या पत्रात 'वीरमरण' लिहायचं की 'जुलाब', हे आधीच ठरवून ठेवा.

कवायत रोज आहे. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

जानेवारी 1863 मध्ये तुमचे सेनापती जनरल बर्नसाइड तुम्हाला स्वारीवर नेतील. पाऊस लागेल, तोफा, खेचरं आणि तुम्ही चिखलात रुताल, आणि एकही लढाई न करता परत याल. पलीकडच्या काठावरून शत्रू, म्हणजे दक्षिणेची फौज, हसेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्याच्याकडे कॉफी नाही.

पगार महिना 13 डॉलर, वेळेवर मिळेल या भ्रमात राहू नका. कृष्णवर्णीय पलटणी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना 10 ठरले, त्यातून कपड्यांचे 3 कापून हातात 7. गोळी मात्र सगळ्यांना एकाच मापाची. मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीने असला पगार घ्यायलाच नकार दिला, तेव्हा कुठे जून 1864 मध्ये कायदा सुधारला. शिवाय 1863 च्या सक्तीच्या भरतीत 300 डॉलर भरले की घरी बसता येत होतं. म्हणजे 'आरपार' म्हणणाऱ्याची पण सोय होती. आणि इकडे आपल्या मुंबईत, अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तिथली पेढी रोज मनोभावे प्रार्थना करत असणार की तुमचं युद्ध लवकर न संपो.

एक मात्र मनापासून सांगतो. संध्याकाळी पहाऱ्यावर असताना नदीकडे लक्ष ठेवा. फळकुटाची एखादी होडी करा, कागदाचं शीड लावा, आत कॉफीची पुरचुंडी ठेवा आणि पलीकडे सोडा. तिकडे तंबाखू मुबलक आहे, होडी भरून परत येईल. शत्रूशी असले व्यवहार करायला सक्त मनाई आहे. म्हणून साहेबासाठी एक चिमूट आधीच बाजूला काढून ठेवा.